गाडी घरची, काटे विकतचे

इंग्लंडमध्ये माणूस घराच्या गॅरेजात मोटार बांधतो, सरकारी तपासणीला नेतो आणि नंबर प्लेट लावून रस्त्यावर आणतो. यात बेकायदा काही नाही आणि कुणाला नवलही वाटत नाही. मी राहतो त्या कॉव्हेंट्रीत तर नाहीच. डेमलर, जॅग्वार, ट्रायम्फ या सगळ्या इथल्या गाड्या. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणांचं आयुष्य पाना-पक्कड चालवण्यात गेलेलं. टाटांनी 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून या भागात मराठी मंडळीही बरीच दिसतात. मीही इथं मोटारींच्याच कामाला आलो आणि या नादाला लागलो.

या छंदाचं मूळ करात आहे. पूर्वी तयार मोटारीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागायचा नाही. 1957 मध्ये आलेली लोटस सेव्हन ही छोटी मोटार खपली ती बरीचशी याच हिशेबावर. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच साली सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. कर गेला, खोड मात्र राहिली. माझी गाडी त्याच वळणाची आहे: नळ्यांची चासी, फायबरचे मडगार्ड, फोर्डचं झेटेक इंजिन, टाइप नाइन गिअरबॉक्स. त्याबद्दल आज लिहीत नाही. वेल्डिंग आणि नटबोल्ट ज्याच्या त्याच्या चिकाटीवर होतात. डोकं लागतं ते मीटरच्या पॅनलला.

पॅनलसाठी मी 2 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला, पण आधी पुठ्ठ्याचं पॅनल करून गाडीत लावलं आणि सीटवर बसून पाहिलं. हे करायलाच हवं, कारण स्टिअरिंगच्या चाकामागे नेमकं काय झाकलं जातं ते कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये कळत नाही. वेगाचं आणि आरपीएमचं, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारं, मीटर 80 मिलिमीटरचं. ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, पेट्रोल आणि व्होल्टेज अशी चार लहान मीटरं 52 ची. माझ्या मते ऑइल प्रेशर नजरेच्या सगळ्यात जवळ हवं. पेट्रोल संपलं तर गाडी थांबते. ऑइलचा दाब गेला तर इंजिनच जातं, आणि त्याला काही सेकंद पुरतात. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत त्यासाठी फक्त एक लाल दिवा असतो. तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो.

लहान मीटरं मी मुद्दाम फिरवून बसवली आहेत. सगळं ठीक असताना चारही काटे सरळ वर उभे राहतात, एखादा कलला की आकडा न वाचताही कळतं. रेसिंगवाल्यांची ही जुनी पद्धत. आकडे मात्र तिरपे दिसतात. बायको म्हणाली, "अरे, सगळी मीटरं वाकडी लागलीत तुझी." लागू देत.

भोकं पाडताना पत्रा दोन प्लायवुडच्या तुकड्यांत आवळून धरायचा, होल-सॉला, म्हणजे भोक पाडायच्या गोल करवतीला, रॉकेल पाजत राहायचं आणि घाई करायची नाही. कड राहिली तर अर्धगोल कानस आहेच.

खरी मजा पुढे आहे. 2009 पासून इथं अशा मोटारींना आयव्हीए नावाची तपासणी लागते. एकेक गाडी वेगळी तपासतात. माणूस जिथं आपटू शकतो अशा जागी कुठलीही कड 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येची नको. डॅशबोर्डची खालची कड तर 19 मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. आता 2 मिलिमीटरच्या पत्र्याला 19 ची गोलाई आणायची कशी? मी प्लास्टिकचा पाइप उभा चिरून खालच्या कडेला बसवला आणि त्यावरून फोमसकट काळं रेक्झिन ओढून घेतलं. दुकानातून आणल्यासारखं दिसतं.

माझ्या मामांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. त्यांना व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तर म्हणाले, "आरं, गाडी पळती का ते बघायचं सोडून कडा मोजत बसत्यात व्हय?"

पळते का तेही बघतात, मामा. रोलरवर चाकं फिरवून वेगाच्या मीटरचा खरेखोटेपणाही बघतात. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, पण दहा टक्के अधिक सव्वासहा मैलांपर्यंतच. म्हणजे खरा वेग ताशी 60 मैल असेल तर काटा 60 ते 72 च्या दरम्यान हवा. आता त्या मीटरला वेग कळतो कसा? मागच्या चाकाजवळ एक सेन्सर आहे, तो फिरणाऱ्या चार बोल्टांची डोकी मोजतो आणि दर डोक्याला मीटरकडे विजेचा एक ठोका, म्हणजे पल्स, धाडतो. 185/60 आर 13 टायरचा परीघ हिशेबाने साधारण 1735 मिलिमीटर, म्हणजे मैलाला सुमारे 927 फेरे आणि 3,700 च्या आसपास पल्स. पण वजनाखाली टायर दबतो आणि फेरे थोडे वाढतात. म्हणून टायरला खडूची खूण केली, मी सीटवर बसलो आणि बायकोने अंगणात गाडी ढकलून एका फेऱ्याचं अंतर टेपने मोजलं. मीटरला मग मैलाला पल्स खऱ्यापेक्षा जरा कमी सांगायचे, म्हणजे काटा थोडा पुढे राहतो आणि तपासणीत फसत नाही.

वायरिंगमध्ये शेजारच्या गृहस्थांचा फार उपयोग झाला. वय सत्तरीच्या पुढे, तरी मी त्यांना नावाने हाक मारतो; इथं तसंच चालतं, माझी जीभ मात्र अजून अडखळते. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरींचे रंग त्यांना पाठ आहेत: काळी अर्थिंगची (वीज बॅटरीकडे परत नेणारी), तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, लाल-पांढरी मीटरच्या दिव्यांची. मी सगळं त्याच रंगांत केलं. वीस वर्षांनी ही गाडी दुसऱ्या कुणी उघडली तर त्याने मला शिव्या देऊ नयेत एवढीच इच्छा.

बहुतेक खोड्या मीटरच्या नसतातच, मीटरला खबर देणाऱ्या सेंडरच्या असतात. पेट्रोलचा युरोपीय सेंडर टाकी रिकामी असताना 10 ओहम रोध आणि भरल्यावर 180 दाखवतो. अमेरिकन सेंडर रिकामा 240, भरलेला 33. जोडी चुकली की टाकी रिकामी होत जाते आणि काटा वर चढत जातो. आरपीएमचं तसंच. झेटेकची प्रत्येक कॉइल दर फेऱ्याला ठिणगी देते, दोनांतली एक फुकट जाते. एकाच कॉइलवरून सिग्नल घेतला तर फेऱ्याला दोन ठिणग्या धरून चालणारं साधं मीटर निम्मेच फेरे दाखवतं. ऑइलच्या सेंडरचे आटे बघा: इंचाच्या आठव्या भागाचे अमेरिकन इंचाला 27, ब्रिटिश 28. हाताने दोन वळसे दोन्ही बसतात, पुढे जोर लावला की इंजिनच्या ब्लॉकमधले आटे गेले. आणि त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, कारण एका वायरीच्या सेंडरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

अर्थचा प्रश्न इथं एरवीपेक्षा मोठा. फायबरच्या अंगातून वीज जात नाही आणि चासीवर पावडर कोटिंग. अर्थ कच्चा असेल तर हेडलाइट लावल्याबरोबर सगळे काटे एकदम हलतात, जणू दिवे लावून पेट्रोल वाढलं. पॅनलमागून जाड काळी वायर थेट बॅटरीच्या अर्थला नेली की हा प्रकार बंद. चार्जिंगच्या दिव्यालाही एलईडी लावायची हौस करू नये. त्या 2.2 वॅटच्या जुन्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जागा होतो. एलईडीच हवी असेल तर सोबत रेझिस्टर लावा.

मामांना हे सगळं माझ्याहून चांगलं जमेल. पण त्यांनी उद्या अशी गाडी बांधली तर आरटीओत तिला दार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ गाडीत मनासारखा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच उचलून धरलं. अख्खी गाडी नव्याने करायची तर कारखानदाराला लागते तशी नमुना-चाचणी, पुण्यात एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत. एका माणसाच्या एका गाडीसाठी ते कुणाला परवडणार? रस्त्यावर काहीही येऊ नये हे मलाही पटतं. पण फी घेऊन, रोलरवर चढवून, कडा मोजून एकच गाडी तपासायची सोय करायला हरकत काय, हे काही कळत नाही.

माझ्या गाडीच्या तपासणीची तारीख अजून आलेली नाही. नंबर नसला तरी विमा काढून ठरलेल्या वेळेला तिथवर चालवत नेता येते. मागचा फॉगलॅम्प लागल्याचं सांगणारा पॅनलवरचा पिवळा दिवा तेवढा जोडायचा राहिलाय. आणि मामांचा काल मेसेज आला: "पुढच्या पॅनलचं ड्रॉइंग पाठव. हितं लेसरवर कापून देतो. भोकं 52 चीच न्हवं?"