एक्स-आठवर अडकलेलं कार्ड

त्या गृहस्थांनी दुरुस्तीच्या कॉम्प्युटरबरोबर एक वही आणली होती. साधी, दोनशे पानी. डावीकडे तारीख, मधे दृश्याचं नाव, उजवीकडे एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, लागलेली मिनिटं. २६, २७, २६, २६... आणि एका रविवारनंतर एकदम ३८, ३९, ३८. त्या रविवारच्या ओळीखाली त्यांनी लाल शाईने रेघ मारून ठेवली होती.

"मॅडम, आधी दोन ठिकाणी दाखवून आलोय. दोन्हीकडे म्हणाले, ग्राफिक्स कार्ड उत्तम आहे, तुम्हालाच तसं वाटतंय."

वही बघितल्यावर मला तसं म्हणवेना. इतकी वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतेय, पण तक्रारीबरोबर मोजमाप घेऊन येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच भेटलीत. त्या दोन ठिकाणी काय झालं असेल त्याचा अंदाज होता. एखादा गेम किंवा नेहमीची चाचणी लावली असेल, आकडे जवळपास ठीक आले असतील. ते साहजिक आहे. गेममध्ये चित्रांचा सगळा साठा एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की कार्ड ज्यात बसतं त्या मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून होणारी ये-जा बरीच कमी होते. स्लॉटची रुंदी निम्मी झाली तरी थोड्या टक्क्यांचाच फरक दिसतो. या गृहस्थांचं काम वेगळं. लेझर स्कॅनमधून आलेली प्रचंड दृश्यं ते रेंडर करतात, म्हणजे कार्डाकडून त्यांची चित्रं काढून घेतात, आणि ती दृश्यं कार्डाच्या मेमरीत मावतच नाहीत. उरलेला माल रॅममध्ये असतो आणि रेंडर चालू असताना तो सतत स्लॉटमधून आत ओढला जातो. त्यांची मिनिटं त्या वाटेतच खर्च होत होती.

मशीन चालू करून कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडला. बस इंटरफेसच्या चौकटीत होतं: एक्स-सोळा ४.०, चालू स्थिती एक्स-आठ १.१. एक्सनंतरचा आकडा लेनचा, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या समांतर वाटांचा; पुढचा आकडा वेगाच्या पिढीचा. माझ्या हाताखाली शिकणारा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, १.१! हाच घोटाळा."

तो घोटाळा नव्हता, आणि इथे पुष्कळ लोक फसतात म्हणून जरा थांबून सांगते. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवण्यासाठी लिंकचा, म्हणजे स्लॉटमधल्या जोडणीचा, वेग स्वतःहून खाली आणतं, थेट पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे या स्लॉटच्या मानकाच्या, २००३ सालच्या पहिल्या पिढीच्या सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफरवर. त्या चौकटीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर चाचणी चालू केली की कार्ड जागं होतं. आम्ही ती लावली आणि १.१ चं ४.० झालं. एक्स-आठ मात्र हललं नाही. वेग कामाप्रमाणे वरखाली होतो, लेनची संख्या सहसा तशी होत नाही. म्हणजे आमचा आजार रुंदीचा होता.

चौथ्या पिढीत एका लेनवरून एका दिशेला सेकंदाला साधारण २ जीबी जातात. सोळा लेनचे कागदावर ३१.५ जीबी होतात, आठांचे त्याच्या निम्मे. रॅमकडून कार्डाकडे माहिती किती वेगाने जाते ते मोजणारा छोटा प्रोग्राम चालवला तर १३ च्या आसपास आकडा आला. सोळा लेनवर तो २५-२६ यायला हवा. काही कार्डांना मुळातच आठ लेन दिलेल्या असतात, तिथे एक्स-आठ दिसणं बरोबरच असतं. हे कार्ड पुऱ्या सोळा लेनचं होतं.

"त्या रविवारी तुम्ही नेमकं काय केलंत?"

"धूळ साफ केली. कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. आणि मशीन उघडंच होतं म्हणून नवी एसएसडी पण लावली."

एसएसडी म्हटल्याबरोबर मी मनात निकाल लावून टाकला. कितीतरी बोर्डांवर एखादा एम-डॉट-टू स्लॉट, म्हणजे एसएसडी बसते तो, ग्राफिक्सच्या स्लॉटबरोबर लेन वाटून घेतो. अशा बोर्डांवर प्रोसेसरच्या सोळा लेन बऱ्याचदा आठ-आठ अशाच फुटतात. एसएसडीला हव्या असतात चार, पण तिच्यासाठी बाजूला निघतात आठ, त्यातल्या चार वाया. पण ते गृहस्थच पुढे म्हणाले, "मलाही तिचाच संशय आला. काढून पाहिली. वेळ तेवढाच."

मग मी एसएसडी बाजूला ठेवली. म्हणजे संशयातून बाजूला. मशीनमध्ये ती तशीच राहिली, कारण त्यांच्या कामाच्या फायली तिच्यावर होत्या.

नेहमीचं सगळं केलं. कार्ड प्रोसेसरजवळच्या पहिल्याच स्लॉटमध्ये होतं. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, स्लॉटची पिढी आणि लेनची वाटणी दोन्ही ऑटोवर होती. कार्ड काढून सोनेरी कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, स्लॉट हवेने साफ केला, कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवलं. जड कार्डं मागच्या टोकाला लोंबतात आणि शेवटच्या लेन नीट टेकत नाहीत, म्हणून तिथे आधारही दिला. एक्स-आठ.

आता अदलाबदल. दोष कुणाबरोबर चालतो ते बघायचं, एवढाच या कामातला माझा भरवशाचा नियम. त्यांचं कार्ड आमच्या चाचणीच्या मशीनवर लावलं: एक्स-आठ. म्हणजे दोष कार्डात. खात्री करायची म्हणून आमचं कार्ड त्यांच्या बोर्डवर लावलं. सकाळीच ते आमच्या मशीनवर सोळा लेनवर चाललेलं मी पाहिलं होतं.

एक्स-आठ.

मी रेंडर चाचणी बंद करून पुन्हा लावली. एक्स-आठ. मुलाने फळ्यावर आडवे-उभे चार चौकोन आखले होते. आमचं कार्ड आमच्या बोर्डवर सोळा, बाकी तिन्ही चौकोनांत आठ. "ताई, मग दोन्ही खराब?" त्याने विचारलं. एकाच रविवारी, एकाच माणसाच्या हातून, कार्डही बिघडलं आणि बोर्डही? मला ते पटेना. पटत नाही म्हणून मी चुकीच्या दिशेला निघाले. सॉकेटमधली पिन वाकली असेल, थर्मल पेस्टचा कण कॉन्टॅक्टवर गेला असेल, कूलरचा दाब एकीकडे जास्त पडत असेल. या तिन्ही गोष्टींनी लेन जातात, हे मी पूर्वी पाहिलेलं आहे. कूलरचा पहिला स्क्रू सैल करायला घेतलाही होता.

तेव्हा वही समोर उघडी पडलेली होती. लाल रेघ एकच, पण तिच्याखाली दोन कामं होती. धूळ आणि एसएसडी. त्यांनी एसएसडी काढून पाहिली ती त्यांच्याच कार्डासह. कार्ड आधीच अधू असेल तर एसएसडी काढल्याने आकडा हलणार कसा?

स्क्रू परत आवळला. बोर्डची पुस्तिका काढली. लेनच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सर्वांत वरच्या एम-डॉट-टू मध्ये ड्राइव्ह बसवल्यास पहिला स्लॉट एक्स-आठवर चालेल. एसएसडी बरोबर तिथेच होती. ती काढली आणि आमचं कार्ड लावून मशीन चालू केलं. एक्स-सोळा. त्यांचं कार्ड लावलं. एक्स-आठ.

दोन वेगवेगळी कारणं, दोन्हींचा आकडा एकच. एक दूर केलं की दुसरं तोच आकडा धरून ठेवायचं. म्हणून त्यांना एसएसडी निर्दोष वाटली. आम्ही ती तशीच ठेवून कार्ड दुरुस्त केलं असतं तरी मोजमाप तसूभर सरकलं नसतं, आणि दुरुस्ती फसली असं समजून मी ते कार्ड परत दिलं असतं. हा विचार मनात आला तेव्हा अंगावर काटा आला.

आता कार्ड. मायक्रोस्कोपखाली घेतलं, मागची बाजू वर करून. सोनेरी कॉन्टॅक्टच्या जरा वर बारीक कपॅसिटरांची, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागांची, ओळ असते, जोडी-जोडीने. एका लेनवरून पाठवायला दोन तारा, प्रत्येक तारेवर एक कपॅसिटर, म्हणजे सोळा लेनचे बत्तीस. एकेक साधारण १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, खसखशीच्या दाण्याएवढा. मी चिमट्याच्या टोकाने मोजत गेले. ब्रॅकेटच्या, म्हणजे कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसतं त्या पट्टीच्या, बाजूने पहिल्या आठ जोड्या शाबूत. नववी, दहावी, अकरावी, बारावी. तेराव्या जोडीत एकच कपॅसिटर होता. दुसऱ्याच्या जागी दोन रिकामे पॅड, वर सोल्डरचा फाटलेला, चकचकीत कडा असलेला डाग, आणि तिथून हिरव्या थरावर गेलेला एक सरळ ओरखडा. ओरखड्याची दिशा स्लॉटच्या मागच्या खटक्याकडची.

त्यांना फोन करून विचारलं, "कार्ड काढताना खटका कशाने दाबलात?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हरने. कूलर आणि कार्डामध्ये बोट जात नव्हतं."

त्या फटीत बोट कुणाचंच जात नाही, आणि हा दोष मी त्यांचा मानत नाही. त्या जागी मी नेहमी लाकडाची पातळ पट्टी वापरते. लोखंड त्या बाजूला नेतच नाही.

एवढ्याशा दाण्यावाचून आठ लेन कशा जातात, हे मुलाने विचारलं आणि मला ते समजावून सांगायला मनापासून आवडलं. मशीन चालू होताना लिंक जुळते, तेव्हा प्रत्येक लेनचा ट्रान्समीटर आधी अंधारात हात घालून चाचपतो. तारेवरचं व्होल्टेज किंचित उचलतो आणि ते किती भरभर चढतं ते पाहतो. पलीकडे रिसीव्हर असेल तर मधला कपॅसिटर भरायला वेळ लागतो, व्होल्टेज सावकाश चढतं. झटकन चढलं तर पलीकडे कुणी नाही असं तो समजतो. कपॅसिटरच गायब असेल तर समोर रिसीव्हर असूनही त्याला कुणी सापडत नाही. जोडीतली एक तार तुटली की लेन बाद. आणि लेन सलग लागतात, रुंदी एक, दोन, चार, आठ, सोळा अशीच ठरते. तेरावी गेली तर बारा लेनवर भागवू, असं व्यवहारात होत नाही. लिंक मुकाट्याने आठवर उतरते आणि सगळं सुरळीत असल्यासारखं चालू राहतं. कुठे लाल दिवा लागत नाही, कुठे सूचना येत नाही.

इतकं बारीक सोल्डरिंग आमच्याकडे अण्णा करतात. त्यांनी डोळा लावून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पॅड सुटलाय का?" पॅड शाबूत होते. ते उखडले असते तर काम फार अवघड झालं असतं. शेजारची तार ओरखड्याखाली कापली गेली नाही ना, हे त्यांनी मीटर लावून तपासलं. त्याच पिढीचं एक मेलेलं कार्ड आमच्या खोक्यात होतं. त्याच्या त्याच जागेवरून कपॅसिटर उतरवला, म्हणजे कपॅसिटरचं मूल्य जुळवण्याचा प्रश्न नाही. या जागी साधारण २२० नॅनोफॅरडचे असतात. बोर्डाचे आतले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, म्हणून खालून हलकी ऊब दिली, फ्लक्स लावला, आणि अण्णांनी श्वास रोखून तो दाणा ठेवला. सोल्डर वितळला तशी त्याची किंचित तिरकी बसलेली कड आपसूक सरळ झाली. हे मी कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी पाहत राहते. शेवटी शेजारच्या कपॅसिटरशी चिकटला नाही ना हे पाहून अण्णांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

एसएसडी प्रोसेसरऐवजी चिपसेटकडून, म्हणजे बोर्डवरच्या मदतनीस चिपकडून, लेन घेणाऱ्या खालच्या एम-डॉट-टू मध्ये हलवली, कार्ड बसवलं, रेंडर चाचणी लावली. एक्स-सोळा ४.०. मुलाने फळ्यावरचा आठ पुसून सोळा लिहिला. प्रोग्रामने २५ च्या वर आकडा दाखवला.

तरी मी मशीन त्या दिवशी दिलं नाही. रुंदी जुळली म्हणजे सांधा पक्का झाला असं नसतं. चौथ्या पिढीचा १६ गिगाट्रान्सफरचा सिग्नल नाजूक असतो. सांधा कच्चा असेल तर चुका होतात, लिंक त्या स्वतःच दुरुस्त करत राहते आणि वरून काही कळत नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, मात्र व्हीया-लॉगरच्या नावाने १७ क्रमांकाच्या नोंदी साठत जातात. मी जुन्या नोंदी साफ केल्या, रात्रभर रॅम आणि कार्डामध्ये माहितीचे मोठे साठे इकडून तिकडे करणारी चाचणी लावून ठेवली आणि घरी गेले. घरी मन त्या तेराव्या जोडीपाशीच होतं. सकाळी आल्या आल्या यादी उघडली. एकही नोंद नव्हती.

ते गृहस्थ दुपारी आले. मी त्यांना मायक्रोस्कोपखाली ती जागा दाखवली, वरच्या एम-डॉट-टू वर कागदी पट्टी चिकटवली, आणि तिथे काही लावायचं झालं तर आधी फोन करा म्हणाले. त्यांनी टेबलावरच आपलं दृश्य उघडलं आणि एक फ्रेम रेंडरला लावली. आम्ही तिघं बसून राहिलो. फ्रेम संपल्यावर त्यांनी वही उघडली, तारीख घातली, दृश्याचं नाव लिहिलं आणि उजव्या रकान्यात २६ लिहिलं.