थव्याचा फोटो: पट्टकादंबांमधली मोकळी जागा

पट्टकादंबांचा (बार-हेडेड गूज या रानहंसांचा) थवा डोक्यावरून जाताना जे दिसतं, ते फोटोत सहजासहजी उतरत नाही. फोटोत येतात फिकट आकाशावरचे काळे ठिपके, तेही एकमेकांत अडकलेले. एकट्यादुकट्या पक्ष्याचे फोटो मला चांगले जमू लागले होते, पण थव्याने बरीच वाट बघायला लावली. त्या काळात एक गोष्ट पक्की झाली. थव्याच्या फोटोत पक्ष्यांइतकीच त्यांच्यामधली मोकळी जागा महत्त्वाची असते, आणि ती कॅमेऱ्यातच मिळवावी लागते. एडिटिंगने ती उठावदार होते, एवढंच.

मी आधी वारा बघते. हे जड पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतात आणि उतरतातही तसेच. त्यामुळे वारा आपल्या पाठीवर असेल तर थवा आपल्याकडे तोंड करून येतो. त्याच बाजूला कोवळं ऊनही असेल तर त्या दिवसाकडून आणखी काही मागायचं नसतं. विसाव्याचं पाणी आणि चरायची जागा यांच्यात त्यांची ठरलेली ये-जा असते. ती वाट लांबून बघून ठेवावी आणि तिच्या कडेला आधीच जाऊन बसावं. फोटोसाठी बसलेला थवा उडवणं मला अजिबात मान्य नाही. हिमालय ओलांडून आलेल्या आणि पुन्हा ओलांडायच्या तयारीत असलेल्या पक्ष्याची ताकद आपण एका फ्रेमसाठी खर्च करायला लावू नये. तशी गरजही पडत नाही. उडायच्या आधी माना उंच होतात, डोकी झटकली जातात, आवाज वाढतो. तेवढ्या वेळात कॅमेरा तयार होतो.

उड्डाणाचा पहिला क्षण कितीही मोहक वाटला तरी त्यात सगळे पक्षी एकमेकांवर चढलेले असतात. मी थांबते. थवा इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात, दोन रांगांत येतो तेव्हा मागचा पक्षी पुढच्याच्या पंखाच्या टोकापासून वर उठणाऱ्या हवेचा फायदा घेतो, म्हणून तो थेट मागे न राहता थोडा बाजूला सरकून उडतो. पण ही आखणी अगदी बाजूने पाहिली तर दोन्ही रांगा एकमेकींवर येतात. थवा वळण घेतो तेव्हा अख्खी रांग आपल्याकडे कलते, पक्षी सुटे होतात आणि पंखांवर प्रकाश पडतो. माझे ठेवणीतले बहुतेक फोटो वळणावरचेच आहेत.

सेटिंग साधंच असतं: शटर १/२००० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). एफ/८ मागे हिशेब आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० मिमी लेन्सने १०० मीटरवर फोकस केला, तर एफ/५.६ ला साधारण १३ मीटर खोलीतले पक्षी स्पष्ट येतात, एफ/८ ला १९ मीटरपर्यंत. थव्यात हा फरक लगेच जाणवतो. पांढुरक्या आकाशात मी एक्सपोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवते, नाहीतर कॅमेरा आकाश सांभाळतो आणि पक्षी काळे पडतात. ऊन चढलं की मात्र कॅमेरा पिशवीत जातो. तापलेल्या जमिनीवरच्या हवेची थरथर फोटोत शिरली, तर कुठलंही सॉफ्टवेअर ती नीट काढू शकत नाही.

खरं काम निवडीत आहे. बर्स्टमधल्या (सलग झटपट टिपलेल्या) फ्रेम सारख्याच वाटतात, पण एका फ्रेममध्ये चोच दुसऱ्याच्या शेपटीत शिरलेली असते, तर पुढच्याच फ्रेममध्ये ती सुटलेली असते. मी फोटो स्क्रीनवर अगदी लहान करून बघते. लहान आकारात थव्याची रेषा वाचता आली तरच तो पुढे जातो. मग कडा तपासायच्या: अर्धा कापलेला पक्षी आहे का, पुढे उडायला जागा उरली आहे का. डोळा, पंख वगैरे शेवटी.

आता लाइटरूममधलं एडिटिंग. पट्टकादंबाचं अंग फिकं राखाडी, आकाशही तसंच. इथे डीहेझचा (धुरकटपणा कमी करणारा) स्लायडर ओढायचा मोह होतो, पण तो जरा जास्त झाला की आकाश मळकट होतं, नॉइज (दाणेदारपणा) वर येतो आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग दिसू लागतात. म्हणून मी डाग आधी पुसते, मग नॉइज कमी करते, मग व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल). निळा रंग वेगळा गडद करायचं टाळते, कारण पंखांच्या कडेला पांढरी किनार उमटते. सब्जेक्ट मास्क (मुख्य विषय आपोआप निवडणारं साधन) थव्यातले लांबचे पक्षी बरेचदा सोडून देतो, त्यामुळे मी ठरावीक उजळपणाचा भाग निवडून (ल्युमिनन्स रेंज) आकाशाचा मास्क करते. तो पक्ष्यांची फिकट पोटंही आकाश समजून उचलतो. ती ब्रशने वजा करत बसावं लागतं, एकेक पक्षी घेऊन. हे कंटाळवाणं काम मला मनापासून आवडतं. त्यानंतर आकाश पाव स्टॉप खाली घेतलं तरी पुरतं, आणि थवा अचानक पुढे येतो.

पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे ही या पक्ष्याची ओळख. डोक्याचा पांढरा जळाला तर पट्टे उरतात पण चेहरा सपाट होतो, म्हणून तिथे हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) खाली आणते. शार्पनिंगमध्ये ऑल्ट की दाबून मास्किंगचा स्लायडर सरकवते. स्क्रीनवर फक्त पक्ष्यांच्या कडा पांढऱ्या उरल्या आणि आकाश पूर्ण काळं झालं की तिथे थांबते.

एकमेकांवर आलेल्यांपैकी एखादा पक्षी क्लोन टूलने (शेजारचं आकाश त्यावर चिकटवून) पुसून टाकणं मी करत नाही. थव्याचा फोटो ही नोंदही असते, त्यावरून मोजणी होते. मंगोलियात संशोधकांनी काही पट्टकादंबांच्या गळ्यात अक्षर-अंकांच्या पट्ट्या घातल्या आहेत. फोटोत गळ्याशी रंगीत काही दिसलं तर ते खटकतं म्हणून पुसू नका. मूळ रॉ फाइल शंभर टक्क्यांवर उघडा, शॅडो वर घ्या (गडद भाग उजळा), कोड वाचता येतो का बघा आणि आला तर तारीख, जागा व थव्यातली संख्या यांच्यासह संशोधकांना कळवा.