चढणीची मासोळी

आषाढात मंगळवारी बाजारात रोहूचं पोट टम्म दिसलं की गिऱ्हाईक खूश. गाबोळी मिळणार! ती अंडी पोटातच का राहिली, हे कोणी विचारत नाही. रोहू, कतला, मृगळ तलावात वाढतात, अंडी पिकतातही, पण साचल्या पाण्यात घालत नाहीत. त्यांना नवा, गढूळ, वाहता पूर लागतो.

तसा पूर नागपूरजवळच्या कन्हान नदीला येतो. लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघालेली नाग (आता नदी म्हणवत नाही, तो भाग वेगळा) कन्हानला मिळते. पेंच त्याआधीच बिना संगमावर तिला मिळालेली असते. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत जाते, पुढे वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. समुद्रातून अंडी घालायला वर येणारा हिलसा, तिकडचा पुलसा, आता राजमहेंद्रीखालच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशीच थांबतो. गोदावरीच्या झिंग्याचं उलटं: तो वाढतो गोड्या पाण्यात, पिल्लांना मात्र खाडीचं मचूळ पाणी लागतं. मादीच्या पोटाखालची नारिंगी अंडी करडी पडली की पिल्लं निघायला आलीच.

रोहू समुद्रापर्यंत जात नाही. पुराच्या उलट दिशेने चढते आणि काठावरच्या बुडालेल्या गवतात, उथळ पाण्यात अंडी सोडते. ही अंडी चिकट नसतात. पंधरा-वीस तासांत फुटतात आणि पिल्लं धारेबरोबर खाली वाहतात. पोरं खाली जाणार म्हणून आई आधी वर जाते, असा साधा हिशेब आहे.

धरण हा हिशेब दोन ठिकाणी मोडतं. भिंतीखाली मासोळी गोळा होते आणि जाळ्यात सापडते, ते सगळ्यांना दिसतं. वरच्या बाजूला एखादी मासोळी अंडी घालून गेलीच, तरी ती अंडी जलाशयाच्या संथ पाण्यात तळाशी बसतात आणि गाळात गुदमरतात. हे दिसत नाही, आणि माझ्या मते नुकसान इथेच जास्त. माशांसाठी नुसती शिडी बांधली तर चढायची सोय होईल, उतरायची नाही.

मग तलावांना बीज, म्हणजे सोडायला पिल्लं, कुठून? 10 जुलै 1957 रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (रोहू-मृगळच्या कुळातल्या) माशांची अंडी मिळवली. मादीला आधी किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम, सहा तासांनी 5 ते 8. नराला एकदाच, 2 ते 3. पण सुईने अंडी सुटतात, तरंगत नाहीत. म्हणून बीजकेंद्रातली टाकी गोल असते आणि पाणी सतत गरगर फिरतं ठेवतात. धार मंदावली की अंडी तळाशी बसतात, जोर वाढला की फुटतात. अंडी फुटल्यावर तिसऱ्या दिवशी मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, तयार. प्लास्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंडाला घट्ट दोरी. ऊन चढायच्या आत गाडी भंडाऱ्याच्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांकडे निघते.