तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सस माझ्यासाठी १९८३मध्ये का थांबतो

'कॅन्सस या अमेरिकन रॉक बँडने २०२०मध्येही नवा अल्बम काढला, मग तुम्ही १९८३च्या पुढे का बोलत नाही?' हे मला इतक्यांदा विचारले गेले आहे की आता उत्तर लिहूनच ठेवतो. बँडच्या नव्या सभासदांविषयी मला आकस नाही.

महाविद्यालयात असताना मी व्हायोलिन शिकत होतो, आणि तेही बँडचे व्हायोलिनवादक आणि गायक रॉबी स्टाइनहार्ट यांच्यामुळे. 'लेफ्टओव्हर्चर' या अल्बममधल्या 'मिरॅकल्स आऊट ऑफ नोव्हेअर' या गाण्यात त्यांचा गाता आवाज आणि त्यांचे व्हायोलिन दोन्ही आहेत, आणि हे वाद्य रॉकमध्ये पाहुणे म्हणून नव्हे, तर घरचे म्हणून वावरू शकते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. मग एका मित्राने बँडचा १९८३चा अल्बम 'ड्रॅस्टिक मेझर्स' टेप करून दिला. पहिल्या गाण्यात सिंथेसायझर आणि गिटार होते. व्हायोलिन पुढे येईल म्हणून मी थांबलो. कॅसेट उलटली, दुसरी बाजूही संपली, व्हायोलिन आलेच नाही. टेप करताना काही गाणी गळली असावीत असे समजून मी मित्राला फोन केला. त्याने शांतपणे सांगितले की अल्बम एवढाच आहे आणि स्टाइनहार्ट बँडमध्ये राहिलेले नाहीत. त्या रात्री मी रियाज केला नाही.

दोष मी बँडचे गिटारवादक आणि गीतकार केरी लिव्हग्रेन यांना दिला. १९७९मध्ये ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले, गाण्यांचे शब्द बदलले आणि १९८१मध्ये मुख्य गायक स्टीव्ह वॉल्श बाहेर पडले, एवढी साखळी मला पुरेशी वाटत असे. पण वॉल्श यांनी १९८०मध्येच स्वतंत्र अल्बम काढला होता, म्हणजे तडे आधीपासून होते. शिवाय ज्या 'कॅरी ऑन वेवर्ड सन' या गाण्यावर बँडचे नाव झाले, ते तालमी संपत आल्या असताना लिव्हग्रेन यांनीच आणले होते. माझी साखळी इथे तुटते, आणि तिच्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरे काही नाही.

पुढे व्हायोलिन परत आले, २०००च्या 'समव्हेअर टू एल्सव्हेअर' या अल्बममध्ये तर स्टाइनहार्टही आले आणि गाणी लिव्हग्रेन यांनी लिहिली. हे मी तुमच्यापासून लपवत होतो, कारण त्याने माझे म्हणणे कमकुवत होते.

२०२१च्या जुलैमध्ये स्टाइनहार्ट गेले, तेव्हा मी 'ड्रॅस्टिक मेझर्स' पुन्हा लावला. वॉल्श यांच्या जागी आलेले गायक जॉन एलेफान्टे यांचा आवाज या वेळी मला खरोखर आवडला, आणि तरीही तिसऱ्या गाण्यानंतर मी तो बंद केला.