औषधाने भागेल की शस्त्रक्रिया लागेल?

घरच्या कुत्र्याला किंवा मांजराला शस्त्रक्रियेची गरज आहे का, हे पशुवैद्यकाने सांगायचे असते. पण दवाखान्यात आत्ता निघायचे की सोमवारपर्यंत थांबले तरी चालेल, हे घरच्या माणसालाच ठरवावे लागते आणि पुढचे पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते. बरीच वर्षे प्राणी पाळल्यानंतर मी स्वतःपुरती एक ढोबळ कसोटी ठरवून घेतली आहे. जिथे काही अडकले, पिळले, साचले किंवा तुटले असण्याची शंका आहे, तिथे घरगुती उपायांत वेळ दवडायचा नाही.

पावसाळ्यात नाशिकजवळच्या सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणाकडे फिरायला गेलेली मंडळी भाजलेले कणीस खातात आणि दाणे संपल्यावर उरलेला भाग कौतुकाने कुत्र्यापुढे टाकतात. तो तुकडा, तसेच उन्हाळ्यातली आंब्याची कोय, आतड्यात नेमकी अडकते. एखादी उलटी करून पुन्हा शेपूट हलवत ताटलीपाशी येणाऱ्या कुत्र्याची फारशी काळजी नसते. परंतु प्यायलेले पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, शी बंद झाली असेल आणि पोटाला हात लावू देत नसेल, तर उलटी थांबवण्याचे औषध देऊन रात्र काढणे धोक्याचे ठरते. कणीस किंवा कोय साध्या एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसेलच असे नसते, त्यामुळे डॉक्टरांनी सोबत सोनोग्राफी सांगितली तर ती उगाच सांगितली असे समजू नये.

मांजरांच्या बाबतीत दोरा हा मोठा शत्रू आहे. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर, झाडांवर, गॅलरीत मांजाचे तुकडे लोंबत असतात आणि मांजर खेळता खेळता ते गिळते. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकते, उरलेला दोरा आतड्यात उतरतो आणि नाडी ओढल्यावर नेफा गोळा व्हावा तसे आतडे त्यावर गोळा होत जाते; ताण वाढला की दोरा आतड्याला कापतो. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा दिसला तरी तो ओढू नये, तडक दवाखाना गाठावा.

काही प्रसंगी हिशेब तासांचाच असतो. जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचे पोट अचानक टम्म फुगले, तो सारखे उमासे काढतो आहे पण बाहेर काहीच पडत नाही, असे दिसले तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. नर मांजर मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसते, कण्हते, पण लघवीचा थेंब पडत नाही, तेव्हा घरचे त्याला बद्धकोष्ठ समजतात. प्रत्यक्षात मूत्रमार्ग बंद झालेला असतो आणि २४ ते ४८ तासांत ते जिवावर बेतू शकते. इथे बहुधा आधी नळी घालून मार्ग मोकळा करतात. वारंवार तसे झाले तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आमची कुत्री राणी, तिचे दुखणे मात्र गाजावाजा न करता आले. भर मे महिन्यात ती पाण्याचे भांडे रिकामे करू लागली आणि रात्री अंगणात सोडण्यासाठी उठवू लागली. नाशिकचा उन्हाळा पाहता यात कुणाला नवल वाटले नाही. फक्त माझ्या वहिनीने विचारले की तहान एवढी आहे, तर जेवण का सुटले आहे? डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो शेवटच्या हीटचा, म्हणजे माजावर येण्याच्या काळाचा. नसबंदी न झालेल्या मादीला हीट संपल्यावर साधारण ४ ते ८ आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. स्राव बाहेर येत असेल तर निदान लक्षात तरी येते. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर पू आतच साचतो आणि तो प्रकार अधिक घातक असतो. राणीचा तोच होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाशय काळ्या नळ्यांच्या वेटोळ्यांसारखे दिसत होते. पण लगेच टेबलावर घेण्याऐवजी बाईंनी आधी रक्त तपासले, कारण आपल्याकडे गोचीडतापामुळे प्लेटलेट घटलेल्या असण्याची शक्यता असते आणि अशा प्राण्याला चिरा दिला की रक्त थांबत नाही. आकडे ठीक निघाले आणि त्याच संध्याकाळी गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले.

प्रत्येक गाठ कापायची नसते, हेही सांगायला हवे. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या कातडीखालची मऊ गाठ पुष्कळदा निव्वळ चरबीची असते; रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांत जननेंद्रियावर होणारी, संसर्गाने पसरणारी गाठ बहुतेक वेळा व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी विरघळते. मात्र हाताला मऊ लागते म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे. सुईने पेशी काढून तपासल्याखेरीज खात्री देता येत नाही, आणि मांजरीच्या स्तनातली गाठ तर बहुतांशी कर्करोगाचीच निघते. (द्राक्षे खाल्लेल्या कुत्र्यालाही तातडीने न्यावे लागते, आपल्या जिल्ह्यात तर विशेष लक्ष ठेवावे, पण तिथे धोका मूत्रपिंडांना असतो, शस्त्रक्रियेचा संबंध नसतो.)

डॉक्टरांना खर्चाआधी मी दोन गोष्टी विचारते: थांबलो तर काय होईल, आणि भूल कोणती देणार, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला भुलीतून बाहेर येताना श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून दुसरा प्रश्न त्यांच्या बाबतीत हमखास विचारावा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचे, हे डॉक्टर प्राण्याच्या वयानुसार सांगतात. ते घरातल्या सर्वांना, विशेषतः आजी-आजोबांना, नीट सांगून ठेवावे. एवढे करूनही कुणी मायेपोटी पहाटे बिस्किट भरवले असेल, तर ते लपवू नये, कारण भुलीखाली उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत गेले तर जीव धोक्यात येतो, आणि ठरवून करायची शस्त्रक्रिया दुपारवर किंवा दुसऱ्या दिवसावर ढकलता येते.