केळ झाडाचं नाही

"केळीले झाड म्हणू नको," बाबा सांगायचे. घड उतरला की ते खोड संपलं, पुढच्या वर्षी फळ येतं ते बाजूच्या नव्या कोंबाला. म्हणून मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, ताटात संत्र्यावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणायचा, 'बोरे पेरी हाएत्स'. आणि केळ्यावर जमिनीच्या पिकाचा, 'बोरे पेरी हाअदामा'. हे ते मला आणि भावाला पराटीच्या (कपाशीच्या) ओळीत उभं करून शिकवत. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. पाच एकर वावर आणि एक विहीर, तेवढंच आमचं.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही आमच्या घरोघरी सांगितली जाणारी कथा. कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोकांनी 'शनिवार तेली' नाव पाडलं. आजोबा रेल्वेत गार्ड होते, मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेवर. नोकरी संपली तरी ते इथेच राहिले. गावात यहुदी घर आमचं एकच.

आई अजूनही शुक्रवारी सकाळी काळे मनुके भिजत घालते, दुपारी कुस्करून फडक्यातून गाळते. त्याच सरबतावर आमचा किद्दुश, शब्बाथच्या सुरुवातीचा आशीर्वाद. दिवस बुडायच्या आत दिवे लावून ती डोळ्यांवर हात धरते. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत घरात काडी पेटत नाही. शेताची थ्री फेज लाईन मात्र वार पाहून येत नाही. कधी शुक्रवारच्या रात्रीच येते. शेजारच्या काकाजींना आम्ही आजवर एकदाही सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी तेच फाटकाशी येतात, "मास्तरीणबाई, लाईन आली होती राती, तुमच्या तुरीले पानी देऊन टाकलं." मला याचं फार मोल वाटतं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं तेव्हा बाबांनी मलिदा केला. एलियाहू हन्नाबीला, आमच्या संदेष्ट्याला, बोललेला नवस होता. चार किलो जाडे पोहे, यवतमाळहून आणलेले नारळ, साखर, वेलची, जायफळ. आमच्याकडे नारळ रोजचा नाही. गल्लीतल्या बाया आपापल्या विळ्या घेऊन आल्या आणि ओसरीवर बसून खवू लागल्या. पोहे नुसते धुऊन निथळायचे, भिजत ठेवले तर गोळा होतो. वासाच्या आशीर्वादासाठी कुंडीतला सबजा खुडला. संत्री मृग बहाराची, काकाजींच्या मेहुण्याच्या बागेतली. बाबांनी 'एलियाहू हन्नाबी' गायलं, फळांवरचे आशीर्वाद क्रमानं म्हटले आणि प्रत्येकाच्या ओंजळीत मलिदा घातला. बाबांच्या हातचा तो शेवटचा.

बाबा वारले ठाण्यात, भावाकडे. तिथे १८७९ सालचं शआर हशामाइम सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनाघर आहे, आमची माणसं आहेत. कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, वेळेवर म्हटला गेला. पण वर्ष त्यांच्या घरातच करायचं, असा आईचा हट्ट होता. आमच्या पंचांगाप्रमाणे ते किसलेव महिन्यात आलं, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत. कद्दिशला दहा यहुदी पुरुष लागतात, तेरा वर्षांपुढचे. आमच्याकडे भाऊ आणि त्याचा मोठा मुलगा, दोघेच. धाकट्याला अजून तेरा पूर्ण व्हायची आहेत. आठ जण कमी. ज्या माणसानं या गावाला अक्षर शिकवलं त्याच्या उंबऱ्यात त्याचा कद्दिश होऊ नये, हे मला सहन होत नव्हतं. आजही होत नाही.

आदल्या संध्याकाळी चोवीस तासांचा दिवा लावला. कोणाला निरोप दिला नव्हता. तरी वेचणीवरून परतलेली माणसं हातपाय धुऊन येत गेली आणि ओसरीवर बसली. मी मोजली, अकरा. बहुतेक सगळे बाबांचे विद्यार्थी. भावाने त्यांना सरळ सांगितलं की कद्दिश म्हणता येणार नाही, स्तोत्र म्हणतो. त्याने डोक्यावर टोपी घातली आणि १२१वं स्तोत्र काढलं. काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला. त्यांचं पाहून शेजारच्याने घेतला. एकाजवळ काहीच नव्हतं, त्याने दोन्ही तळवे डोक्यावर धरले आणि स्तोत्र संपेपर्यंत तसेच ठेवले.