तुम्ही विचारलंत म्हणून: सोसायटीच्या कॉम्प्युटरशी मला काय घेणं?

प्रश्न नेहमी जोडीनं येतात. आधी हा: "तुला एवढं कळतं कॉम्प्युटरमधलं, मग ते फुकटातलं लिनक्स घेऊन कशाला बसलाय?" त्याचं उत्तर तोंडातून निघायच्या आत दुसरा: "आणि सोसायटीनं, सरकारनं काय वापरायचं ते वापरू दे ना. तुले काय करनं शे?" लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, पण कुणालाही फुकट घेता येणारी सिस्टीम; सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी गावची सहकारी संस्था. पहिला प्रश्न दुकानातली गिऱ्हाइकं विचारतात, दुसरा घरची माणसं. मेव्हणे दोन्ही विचारतात, तेही हळदीच्या मांडवात नाहीतर गंधमुक्तीच्या पंगतीत, म्हणजे चारचौघांत हसं झाल्याशिवाय विषय संपत नाही. आजवर मीही हसून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते सांगून टाकतो. लांबेल.

पैसे वाचतात म्हणून मी हे करत नाही. आपल्याकडे विंडोज तरी कुणी विकत घेतलंय? माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या मशिनींमध्ये खरी लायसन्सची कॉपी क्वचितच दिसते. ज्या गावात दोन्ही गोष्टी फुकटच मिळतात तिथं 'हे फुकट आहे' या वाक्याला कोण विचारतो? स्वदेशीचा अभिमान म्हणावा तर तेही नाही. लिनक्स १९९१ साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलं. सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स आहे, ते मी टाकूनही पाहिलं आणि काढूनही टाकलं.

आता कबुलीचा भाग. माझ्या दुकानात, जिथं सेवा केंद्राचं काम चालतं, त्या मशीनवर विंडोजच आहे. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, या तिघांची समजूत घालत बसलो तर रांगेतली माणसं मला हाणतील. ज्या दिवशी मेव्हण्यांनी हे बघितलं त्या दिवशी त्यांना दिवाळी झाली. पण मी काही लपवलं नव्हतं. मागच्या खोलीतलं माझं मशीन लिनक्सवर चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर, ज्यांची मशिनं विंडोज ११ घेत नाहीत अशा कितीतरी जणांना मी तेच बसवून दिलंय. त्यांना नाव सुद्धा सांगत नाही. ब्राउझर उघडतो, पत्रिका छापता येते, बस.

कॉलेजात असताना मी असा नव्हतो. त्या काळी उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराच्या, सीड्या मागवल्या की परदेशातून पोस्टानं घरी यायच्या, एक पैसा न देता. पोस्टमनला वाटायचं, पोराला परदेशी नोकरी लागली. त्या सीड्या घेऊन मी ज्याच्या त्याच्या घरी जायचो. प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, प्रत्येकाला वाचता आला पाहिजे, त्यात बदल करता आला पाहिजे, पुढे देता आला पाहिजे, हे असं बोलायचो की जणू सोर्स वाचायला सगळा तालुका खोळंबलाय. तो पोरगा आजही डोक्यात बसलेला आहे आणि दुकानातलं ते विंडोजचं मशीन दिसलं की बोलतो. पण सोसायटीच्या कॉम्प्युटरशी मला काय घेणं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते मला २०१७ साली मिळालं.

त्या पावसाळ्यात कर्जमाफी जाहीर झाली होती. ३० जून २०१६ ला थकीत असलेलं पीककर्ज, मुद्दल आणि व्याज धरून दीड लाखापर्यंत माफ. थकबाकी दीड लाखाच्या वर असेल, तर वरची रक्कम आधी भरायची, मग दीड लाख माफ. अर्ज ऑनलाइन. पुढचं तुम्ही पाहिलेलंच आहे.

आमच्या भागातल्या एका सोसायटीचा हिशेबाचा प्रोग्राम कैक वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका माणसानं बनवून दिलेला. प्रिंटरच्या पोर्टला मागून एक लॉक लावायचं, डोंगल. ते असेल तरच प्रोग्राम उघडणार. विजेच्या एका झटक्यात मदरबोर्ड गेला आणि सोबत ते लॉकही. बनवणाऱ्याचा फोन बंद. त्यानं धंदाच बदलल्याचं नंतर कळलं. गटसचिव, म्हणजे सोसायटीचा हिशेब सांभाळणारे, सीपीयू युरियाच्या गोणीत घालून, मोटरसायकलला बांधून माझ्याकडे घेऊन आले. वरून याद्या मागत होते, रोज फोन.

मी हार्डडिस्क काढून मागच्या खोलीतल्या मशीनला लावली. डेटा डीबीएफ या जुन्या डेटाबेसच्या फायलींमध्ये होता आणि लिब्रेऑफिस या फुकटातल्या ऑफिस प्रोग्रामनं त्या सरळ उघडल्या. मनात म्हटलं, आता बोला मेव्हणे. तो आनंद चहा येईपर्यंतही टिकला नाही. रकान्यांना नावं एफ१, एफ२ अशी. आकडे दिसत होते, पण सभासदांच्या नावांच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षर-संकेतांच्या, आधीचा मराठी फॉन्ट. त्यात 'क' साठवलेला नसतो, इंग्रजीच्या एका खणात 'क' चं चित्र बसवलेलं असतं. कुठल्या खणात, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट हाताशी असेल तर मराठी दिसणार, नाहीतर भुसा. मी अंदाज बांधत बांधत बदलून घेणारी स्क्रिप्ट लिहिली. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर, त्यामुळे नावं तिरपागडी यायची. सरकारी कागदावर 'कार्यालय' चं 'कायार्लय' झालेलं तुम्ही पाहिलं असेलच, तोच आजार. आधारच्या झेरॉक्सशी ताडून एकेक नाव सरळ केलं. गटसचिव वाचायचे, मी टाइप करायचो. मेहनत होती, पण ते झालं.

व्याज मात्र कुठेच नव्हतं. मुद्दल होतं, वाटपाची तारीख होती, वसूल आलेल्या रकमा होत्या. व्याजाचा रकाना रिकामा नव्हे, रकानाच नाही. प्रोग्राम दर वेळी चालता चालता व्याज काढायचा, पडद्यावर दाखवायचा, छापायचा आणि विसरून जायचा. दर कोणता धरला, दंडव्याज कुठल्या तारखेपासून, आलेला वसूल आधी व्याजात जिरवला की मुद्दलात, हे सगळं त्या एक्झीच्या, म्हणजे आत काय आहे ते वाचता न येणाऱ्या तयार प्रोग्रामच्या, पोटात. खतावणी मागितली, तर कॉम्प्युटर आल्यापासून खतावणी लिहिणं बंद. फाइलीत छापील उतारे होते, तेही जुन्या सालचे, रिबन संपत आलेल्या प्रिंटरवर काढलेले.

मग जिभाऊ आले. आमच्या भाऊबंदकीतलेच, वडिलांच्या वयाचे. त्यांच्या खिशातल्या डायरीत त्यांचा स्वतःचा हिशेब होता, दीड लाखाच्या आतला. बँकेकडे गेलेल्या यादीत त्यांची थकबाकी दीड लाखाच्या वर. फरक काही हजारांचा, पण तो भरल्याशिवाय माफी नाही. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "भाऊ, तू ते उघाडं ना? मंग सांग ना, मन्हं व्याज कितलं?"

मी काढून बघितलं. वसूल आधी व्याजात जमा धरला तर आकडा मर्यादेच्या वर जात होता. आधी मुद्दलात धरला तर खाली. दंडव्याजाची तारीख पुढेमागे केली की पुन्हा वेगळा. मी ते आकडे कागदावर लिहून दिले, कोणता कसा आला तेही लिहिलं. तो कागद घेऊन जिभाऊ सोसायटीत गेले, तिथून बँकेत. बँकेत त्यांना विचारलं, "यातला खरा कोणता?" परत आले, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कापसाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन त्यांनी वरची रक्कम भरली. माफी झाली, पुढे बऱ्याच दिवसांनी. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि उचल तशीच अंगावर राहिली.

हे सांगितलं की मेव्हणे म्हणतात, "मिळाली ना शेवटी माफी?" मिळाली. आणि जिभाऊंचाच आकडा बरोबर होता असंही माझं म्हणणं नाही. बँकेचा बरोबर असू शकेल. पण तो बरोबर आहे हे दाखवता येईल असा माणूस सोसायटीत नव्हता, बँकेत नव्हता, सगळ्या फायली समोर उघड्या असून माझ्या दुकानातही नव्हता. हातानं लिहिलेल्या खतावणीत सचिवानं चूक केली, लबाडी केली, तरी ती शाईत दिसायची. सातवी शिकलेला माणूस बोट ठेवून विचारू शकत होता. जिभाऊंनी बोट कुठे ठेवायचं होतं?

लिनक्स असतं तर जिभाऊंचे पैसे वाचले असते का? नाही. तोच प्रोग्राम तितकाच बंद करून लिनक्सवरही बनवता आला असता. म्हणून आता माझा आग्रह मशीनवर काय चालतं याचा राहिलेला नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब कोणालाही उघडता येईल अशा फॉरमॅटमध्ये हवा आणि व्याजाचं सूत्र छापील हवं. प्रोग्राम मग कुणाचाही असो.

इथं डोक्यातला तो पोरगा उसळतो. म्हणतो, "सोर्सच उघडा असता तर सूत्र छापायची गरज काय?" मी म्हणतो, "तालुक्यात सोर्स वाचणार कोण?" तो म्हणतो, "तू." यावर मला राग येतो, उत्तर येत नाही.

धोरणाचं म्हणाल तर कागदावर आपण मागे नाही. ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं, म्हणजे कोणालाही वापरता येतील अशा फॉरमॅटांचं, धोरण केंद्रानं २०१० मध्येच आणलं. २०१५ च्या धोरणात तर असं आहे की सरकारी खात्यानं टेंडर काढताना ओपन सोर्सला आधी पसंती द्यायची, आणि पुरवठादारानं ते दिलं नाही तर का दिलं नाही ते लिहायचं. पण हे केंद्राच्या खात्यांना. राज्यांनी हवं तर स्वीकारावं. गावची सोसायटी त्यात कुठे बसते? केरळनं शाळा-शाळांत ओपन सोर्स वापरून दाखवलं, मास्तरांना शिकवून, पाठ्यपुस्तकात घालून. त्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, केरळची गोष्ट वेगळी. वेगळी आहेच, त्यांनी वर्षानुवर्षं माणसांवर खर्च केला. आपण खर्च मशिनींवर करतो.

माझ्या विरोधातल्या गोष्टी मेव्हण्यांना माहीत नाहीत, पण मला आहेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं हजारो मशिनं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला. तो प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो आणि सांभाळणारा एकटा, थकलेला माणूस. चोरानं आधी मदत करून करून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रामरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून ते उघडकीला आलं, आणि तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये! सोर्स उघडा होता म्हणून सापडलं, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. नशिबानं सापडलं, असं मला रात्री वाटतं.

आता २०२२ पासून केंद्राची योजना आहे, मंजूर झाली तेव्हा ६३,००० सोसायट्यांचं संगणकीकरण, २,५१६ कोटी रुपये, नाबार्डच्या देखरेखीखाली, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. एकट्यादुकट्या प्रोग्रामवाल्यानं फोन बंद करून नाहीसं व्हायची भीती त्यानं संपते, हे मी मानतो. डोंगलही गेलं. पण आधी एका गावाचा हिशेब एका पेटीत होता, आता देशाचा असणार. म्हणून विचारतो, आणि विचारत राहणार.

वडिलांचं शेत नावावर आल्यापासून मी स्वतःच सोसायटीचा सभासद आहे, तेव्हा 'तुले काय करनं शे' हा प्रश्न तसाही उरत नाही. वार्षिक सभेत मी लेखी ठराव दिला: दर ३१ मार्चला प्रत्येक सभासदाची खतावणी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली, कशातही उघडणारी साधी मजकुराची फाइल) काढून सोसायटीच्या ताब्यात ठेवावी आणि व्याज आकारणीची रीत मराठीत छापून फलकावर लावावी. चेअरमन म्हणाले, विषय चांगला आहे. एकानं विचारलं, खर्च किती? दुसऱ्यानं विचारलं, सीएसव्ही म्हणजे कोणती कंपनी? ऐनवेळच्या विषयांत घेतला, जेवणं लागली होती, पुढच्या सभेवर गेला. इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे, आणि मेव्हणे त्याच सोसायटीचे सभासद आहेत.